सही करण्याआधी विचारा: दात आणि जबड्याच्या ऑपरेशनविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात अक्कलदाढेविषयी थोडं लिहिलं आणि या महिन्यात तुमची पत्रं भरभरून आली. ती वाचताना एक वाक्य पुन्हा पुन्हा समोर येत राहिलं: ‘डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं.’ कुणाला भीड वाटली, कुणाला बाहेरची गर्दी पाहून घाई झाली, कुणी सहीचा कागद वाचून घाबरून घरी परतलं. या पत्रांतले बहुतेक प्रश्न दवाखान्यातच, ऑपरेशनच्या आधी, खुर्चीत बसल्या बसल्या विचारायचे आहेत. तो तुमचा हक्क आहे, आणि उत्तर देणं हा आमच्या कामाचाच भाग आहे. मी उत्तरं देते आहे ती एवढ्याचसाठी, की पुढच्या वेळी नेमकं काय विचारायचं ते तुम्हाला ठाऊक असावं.

काहींनी विचारलंय, की दातांचे डॉक्टर असताना हा वेगळा सर्जन कशाला? दंतवैद्यकाची पाच वर्षांची पदवी झाल्यावर तोंड, जबडा आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचं आणखी तीन वर्षांचं शिक्षण असतं. आडव्या दाढा, जबड्याची हाडं मोडणं, गाठी, पू भरलेल्या सुजा, न उघडणारं तोंड हे सगळं त्यात येतं. मी ते नागपूरला शिकले आणि आता सोलापुरात काम करते. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ‘सर्जनला दाखवा’ म्हटलं तर त्यांनी हात टेकले असं समजू नका. काम कुणाचं आहे ते त्यांनी ओळखलं, म्हणून तुम्हाला पाठवलं.

माझी मुलगी २२ वर्षांची आहे, पुण्यात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिची उजवीकडची खालची अक्कलदाढ आडवी आहे आणि वर्षभरात तीनदा सूज येऊन गेली. सध्या दुखत नाही. काढायची ठरली, पण कागदावर ‘खालचा ओठ कायमचा बधिर होण्याची शक्यता’ असं लिहिलेलं पाहून आम्ही सही न करताच परत आलो. काढायलाच हवी का? तिचं तोंड वाकडं होईल का? पुढे लग्नाचंही बघायचंय. – एक आई, बार्शी

ताई, शेवटच्या भीतीचं आधी सांगते. तोंड वाकडं होणार नाही. खालच्या जबड्याच्या हाडातून, भिंतीतून वायर न्यावी तशी, एक नस जाते. खालचा ओठ, हनुवटी आणि खालचे दात यांची जाणीव ती मेंदूला पोचवते. ओठ हलवणारी नस वेगळी, तिचा रस्ताही वेगळा. त्यामुळे या नसेला धक्का लागलाच तर ओठाला बधिरपणा येतो, मुंग्या येतात, भूल उतरलीच नाही असं वाटत राहतं. हसताना, बोलताना बघणाऱ्याला मात्र काही कळत नाही. म्हणून हा त्रास किरकोळ असं मी म्हणणार नाही. चहाचा कप ओठाला लागला की नाही ते न कळणं, ओठ चावला गेल्याचं रक्त आल्यावर कळणं, हे ज्याला होतं त्यालाच माहीत. खालच्या अक्कलदाढा काढलेल्या शंभर जणांत दोन-चार जणांना असा बधिरपणा काही आठवडे किंवा महिने राहतो. कायमचा राहण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. पण ही सरासरी झाली. तुमच्या मुलीचा धोका तिच्या दाढेची मुळं नसेपासून किती लांब आहेत त्यावर ठरतो.

ते ओपीजी नावाच्या मोठ्या एक्स-रेवर दिसतं. नसेच्या मार्गाच्या दोन पांढऱ्या रेघा मुळाजवळ तुटल्यासारख्या दिसत असतील, मार्ग तिथे वळलेला किंवा अरुंद झालेला असेल, किंवा मूळ तेवढ्याच भागात काळपट दिसत असेल, तर दोघं एकमेकांना चिकटून असण्याची शक्यता असते. अशा वेळी सीबीसीटी हा जबड्याचा स्कॅन मागवतात. तो मागितला म्हणजे खर्च वाढवला असं समजू नका. नस मुळाच्या बाहेरून जाते की आतून, हे त्यातच कळतं. तुम्ही सरळ म्हणा, ‘डॉक्टर, हिची नस आम्हाला फोटोत दाखवा.’ फोटो समोर धरून बोट ठेवून दाखवायला दोन मिनिटं पुरतात.

आता काढायची का? दाढ कधीच दुखली नसती, पुढची दाढ चांगली असती आणि एक्स-रेवर काही वावगं नसतं, तर मी थांबायला सांगितलं असतं. ब्रिटनमध्ये तर निरोगी आडव्या अक्कलदाढा उगाच काढू नयेत अशी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची सूचना २००० सालापासून आहे. तुमच्या मुलीला मात्र वर्षात तीनदा सूज आली आहे. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीची झाकणी राहते, तिच्याखाली अन्न अडकतं आणि संसर्ग होतो. गोळ्यांनी तो बसतो, पण जागा तीच असल्यामुळे परत येतो. शिवाय आडवी दाढ पुढच्या चांगल्या दाढेला टेकून तिला कीड लावू शकते, म्हणजे एकीच्या पायी दोन जातील. तेव्हा काढावी हे माझं मत. पंचविशीच्या आत हाड जरा मऊ असतं आणि जखमही लवकर भरते.

मुळं नसेला अगदीच बिलगलेली निघाली तर आणखी एक मार्ग आहे. दाढेचा वरचा भाग कापून काढायचा आणि मुळं तशीच हाडात ठेवायची. त्याला कोरोनेक्टमी म्हणतात. राहिलेली मुळं काही वेळा पुढे वर सरकतात, नसेपासून लांब येतात आणि मग गरज पडली तर सोपेपणाने काढता येतात. प्रत्येक दाढेला हे चालत नाही. मुळापर्यंत कीड किंवा पू असेल तर नाहीच. पण तुमच्या मुलीला चालेल का, ते विचारून घ्या.

प्रत्यक्ष काय होतं तेही तिला आधी सांगा, कारण खुर्चीतली निम्मी भीती न सांगितल्याची असते. नेहमीच्या भुलीच्या इंजेक्शनने ओठ आणि अर्धी जीभ बधिर होते. हिरडीला छेद देतात, पाण्याच्या धारेखाली ड्रिलने दाढेभोवतीचं थोडं हाड काढतात, दाढेचे दोन-तीन तुकडे करून बाहेर घेतात आणि टाके घालतात. दाब जाणवेल, आवाज मोठा येईल, तुकडा तुटताना कट्ट होईल. दुखता मात्र कामा नये. दुखलं तर डावा हात वर करायचा, मग आम्ही थांबून आणखी भूल देतो. हे मी प्रत्येकाला आधी सांगते. ज्याला हात वर करायची मुभा असते, त्याला तो क्वचितच वर करावा लागतो.

नंतर तासभर गॉझ चावून धरायचा. पहिला दिवस बाहेरून बर्फ, थंड पातळ खाणं, चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने ओढून प्यायचं नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीने तोंडात ओढ बसते आणि खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघून येऊ शकते. ती गुठळी म्हणजेच जखमेचं औषध. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, तेव्हा ‘काल बरी होती, आज गाल टम्म झाला’ म्हणून घाबरू नका. त्यानंतर ती उतरायला हवी. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास ठणका कमी होण्याऐवजी वाढला, कानापर्यंत गेला, तोंडाला घाण वास यायला लागला, तर गुठळी निघून हाड उघडं पडलेलं असतं. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. खड्डा धुऊन त्यात लवंगेच्या अर्काची मलमपट्टी घालावी लागते आणि काही वेळातच चांगला आराम पडतो. मेडिकलमधून गोळ्या बदलत बसण्यापेक्षा सरळ दवाखान्यात या.

आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नका. पेपर झाल्यावर, घरी आठवडाभर राहता येईल तेव्हा करा. सातव्या दिवशी टाके काढायचे असतात.

सासूबाईंचा वरचा सुळा पूर्ण हलतोय, पू येतो. पण ‘वरचा दात काढला की डोळे जातात’ म्हणून त्या ऐकत नाहीत. – एक वाचक, चिपळूण

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा, की बघण्याची नस डोळ्याच्या मागून थेट मेंदूत जाते. दाताची नस अगदी निराळी आहे, दोघींचा संबंध नाही. दात काढायची वेळ ज्या वयात येते त्याच वयात मोतीबिंदूही वाढत असतो. एकापाठोपाठ एक झालं की लोकांनी गाठ मारली. खरं तर वरच्या सुळ्याचा पू साठत गेला तर सूज डोळ्याखाली येते, पापणी मिटते. तेव्हा डोळ्याची काळजी असेल तर असा दात ठेवणं जास्त वाईट.

वडिलांच्या खालच्या दाढेला कीड आहे. तीन दिवसांपासून जबड्याखाली सूज आहे, ताप आहे, गिळताना त्रास होतो. मेडिकलमधून गोळ्या आणल्यात, गरम शेक देतोय. पुढे काय करू? – एक वाचक, नंदुरबार

हे पत्र हातात पडताच मी संपादकांना फोन करून तुम्हाला निरोप धाडला. वडील आता बरे आहेत हे कळलं, म्हणूनच ते इथे छापायला दिलं. बाकीच्या वाचकांनी मात्र हे लक्षात ठेवा. दाताच्या सुजेबरोबर गिळता येत नसेल, लाळ बाहेर गळत असेल, जीभ वर उचललेली वाटत असेल, हनुवटीखालचा भाग दोन्ही बाजूंनी लाकडासारखा टणक झाला असेल, तोंड उघडत नसेल किंवा आडवं पडल्यावर श्वास कोंडत असेल, तर पत्र लिहायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही. त्याच घटकेला मोठ्या इस्पितळात जायचं. लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरने १८३६ साली या आजाराचं वर्णन केलं तेव्हा माणसं त्यात गुदमरून जात. आज वेळेत चीरा देऊन दाब मोकळा केला, श्वास सांभाळला आणि शिरेतून औषधं दिली तर माणूस वाचतो. वेळेत हा शब्द त्यात सगळ्यात महत्त्वाचा. बाहेरून गरम शेक देऊ नका, आणि दुखऱ्या दाताशेजारी हिरडीवर गोळी ठेवू नका, त्याने हिरडी भाजते.

माझे पती ३४ वर्षांचे आहेत. कॉलेजपासून खर्रा, म्हणजे तंबाखू-चुना घालून घोटलेली सुपारी, खातात. आता भाजीत थोडं तिखट पडलं तरी तोंडाची आग होते आणि तोंड दीड बोटच उघडतं. एक डॉक्टर इंजेक्शनं म्हणतात, दुसरे ऑपरेशन म्हणतात. पती म्हणतात, ‘ऑपरेशन केलं की कॅन्सर उठतो.’ तंबाखू सोडून नुसती सुपारी चालेल का, असंही विचारतात. – एक पत्नी, यवतमाळ

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. नागपूरला शिकत असताना ओपीडीत रोज हेच बघितलं आहे. पानठेल्यावर घोटून घेतलेला खर्रा खिशात, आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलाचं तोंड इतकं मिटलेलं की तपासायचा आरसा आत जाईना. मला याचं वाईट वाटतं, रागही येतो. राग त्या मुलांचा येत नाही. सुपारीत काहीच वाईट नाही असं ज्यांनी त्यांना सांगितलं, त्यांचा येतो.

तेव्हा आधी सुपारीचंच बोलू. तुमच्या पतीचं तोंड मुख्यतः सुपारीने मिटलं आहे. तिच्यातल्या अरेकोलीनसारख्या द्रव्यांमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली तंतू साठत जातात, अस्तर पांढुरकं आणि ताठ होतं, बोट फिरवलं तर दोरीसारखे पट्टे लागतात. १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशी यांनी या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस हे नाव दिलं, ते आज जगभर चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखूशिवायच्या नुसत्या सुपारीलासुद्धा, माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. त्यामुळे ‘तंबाखू सोडतो, सुपारी ठेवतो’ हा सौदा होऊ शकत नाही. सुगंधी सुपारी, मावा, मुखवासातली सुपारी, सगळंच बंद. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी वस्तू मिळतेच हे मलाही ठाऊक आहे. म्हणून घरात बोलणं व्हायला हवं, आणि भांडणाने सुटत नाही हेही तितकंच खरं. त्यांना म्हणा, ‘आरशासमोर आपलीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा.’ निरोगी माणसाची तीन बोटं जातात. ज्याची दीड जातात, त्याला बाकीचं सांगावं लागत नाही.

इंजेक्शन की ऑपरेशन, या दोघांतलं कुणीही डॉक्टर चुकीचं सांगत नसेल. पट्टे कोवळे असताना गालात स्टिरॉइड आणि हायलुरोनिडेज यांची इंजेक्शनं काही आठवडे देतात. त्याने आग कमी होते आणि व्यायामाची जोड असेल तर तोंड थोडं उघडतं. दीड बोटावर आलं असेल आणि पट्टे टणक असतील तर इंजेक्शनांनी फार पदरात पडत नाही. मग पूर्ण भूल देऊन दोन्ही गालांतले पट्टे कापतात, तोंड उघडून घेतात आणि उघडी पडलेली जागा गालातल्याच चरबीच्या गोळ्याने किंवा नाकाशेजारच्या कातडीने झाकतात. तोंडच उघडत नसल्यामुळे श्वासाची नळी नाकातून, दुर्बिणीने बघत घालावी लागते. म्हणून ज्या इस्पितळात त्याची सोय आणि सराव असलेले भूलतज्ज्ञ आहेत तिथेच हे ऑपरेशन करा. ‘भूल कशी देणार?’ हा प्रश्न अवश्य विचारा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. टेबलावर उघडलेलं तोंड घरी राखावं लागतं. ऑपरेशननंतर लवकरच व्यायाम सुरू होतो आणि तो किमान सहा महिने, दिवसातून अनेकदा, दुखत असतानाही करायचा असतो. लाकडी पट्ट्या एकावर एक सारून किंवा स्क्रूच्या साधनाने तोंड थोडं थोडं उघडत न्यायचं. जो करत नाही त्याचं तोंड पुन्हा मिटतं, कधी आधीपेक्षाही जास्त. एका गवंड्याची आठवण आहे. त्याची बायको संध्याकाळी भाकरी थापताना त्याला समोर बसवायची आणि शेवटची भाकरी होईतो पट्ट्या तोंडातून काढू द्यायची नाही. त्याचं तोंड टिकलं.

ऑपरेशनने कॅन्सर उठतो हे खरं नाही. हा आजार आधीपासूनच कॅन्सरच्या वाटेवरचा आहे, काही जणांत तो तिथवर पोचतो, ऑपरेशन करा अथवा न करा. म्हणून तर लक्ष ठेवायचं. दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, लाल किंवा खरखरीत पांढरा चट्टा, गाठ दिसली, तर तुकडा काढून तपासायचा. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो या भीतीपायी लोक चार-सहा महिने घालवतात आणि तेवढ्यात तो पसरतो. लवकर सापडलेला तोंडाचा कॅन्सर बरा होतो. खर्रा सुटल्यावरही त्यांनी दर काही महिन्यांनी तोंड दाखवत राहायचं आहे.

खर्चाचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण ती चिंता असणारच. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. तिथे या आजाराचा अनुभव मोठा आहे. पश्चिमेकडच्या वाचकांसाठी मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर दंत महाविद्यालय, मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर.

वडील ६८ वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे, रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत. दोन दाढा काढायच्या आहेत. शेजारी म्हणतात पाच दिवस गोळ्या बंद ठेवा. आईला हाडं ठिसूळ झाल्यामुळे वर्षातून एकदा शिरेतून इंजेक्शन देतात. तिचाही एक दात काढायचा आहे. – एक वाचक, सांगली

वडिलांच्या गोळ्या शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून एक दिवसही बंद करू नका. दाढेच्या जागेचं रक्त गॉझ दाबून, टाके घालून, ट्रॅनेक्सॅमिक आम्लात भिजवलेला बोळा चावून थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ती अशी थांबवता येत नाही. दात सकाळच्या वेळी आणि एका वेळी एकच काढायला सांगा, म्हणजे रक्त रेंगाळलं तर दिवसाउजेडी दवाखाना उघडा असतो. गोळी वॉरफेरिनसारखी असेल तर आयएनआर ही रक्त गोठण्याची तपासणी एक-दोन दिवस आधी करून आकडा बरोबर न्या. काही बदलायचं असेल तर हृदयाच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यावं. मधुमेह असेल तर उपाशी जाऊ नये. साध्या भुलीला उपाशीपोटाची गरज नसते.

आईच्या इंजेक्शनचं तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. बहुतेक जण सांगतच नाहीत, कारण हाडांच्या इंजेक्शनाचा दाताशी काय संबंध असं वाटतं. संबंध आहे. झोलेड्रोनिक आम्ल, अलेंड्रोनेट, डेनोसुमॅब ही औषधं हाडाची झीज थांबवतात, पण त्यामुळे जबड्याच्या हाडाची स्वतःला दुरुस्त करण्याची गतीही मंदावते. काही जणांत दात काढल्यावर जखम भरतच नाही आणि हाड उघडं राहतं. २००३ साली हे पहिल्यांदा वैद्यकीय नियतकालिकांत आलं. ठिसूळपणासाठीच्या डोसात हा धोका फार कमी आहे, कॅन्सरसाठी वारंवार दिल्या जाणाऱ्या डोसात बराच जास्त. तेव्हा आईचा दात काढता येईल, पण इंजेक्शनची तारीख आणि नाव सांगूनच. जखमेच्या कडा नीट मिटवून घ्यायच्या आणि भरेपर्यंत दाखवत राहायचं. पुढचं इंजेक्शन पुढे ढकलायचं का ते हाडांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, स्वतःच्या मनाने नको. डेनोसुमॅब तर सहा महिन्यांचा डोस चुकला की मणक्याची हाडं मोडण्याची भीती असते. हे इंजेक्शन सुरू होणार असेल अशा घरांनी आधीच दात तपासून, जे काढायचे ते काढून घ्यावेत.

मी १९ वर्षांचा आहे. माझा खालचा जबडा पुढे आहे, समोरच्या दातांनी तुकडा तुटत नाही, शाळेत फार चिडवायचे. डॉक्टर म्हणाले आधी तारा, मग जबड्याचं ऑपरेशन. घरचे म्हणतात, देवाने दिलेला चेहरा आहे, कशाला कापायचा. चेहऱ्यावर व्रण राहील का? – नाशिक

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू ओघात लिहून गेलास: समोरच्या दातांनी तुकडा तुटत नाही. घरच्यांना तीच सांग. हे चावण्याचं ऑपरेशन आहे, चेहरा त्याच्याबरोबर बदलतो. आणि चिडवल्याचा त्रास हेही काही लहान कारण नाही. त्यासाठी कुणाची माफी मागायची गरज नाही.

व्रण बाहेर राहत नाही, छेद तोंडाच्या आत असतात. खालच्या जबड्याचं हाड दोन्ही बाजूंना दाढांच्या मागे उभं चिरतात, दातांसकट पुढचा भाग मागे सरकवतात आणि टायटॅनियमच्या छोट्या पट्ट्या-स्क्रूंनी बसवतात. ही पद्धत ओब्वेगेझर या सर्जनने १९५० च्या दशकात रुळवली. कधी वरचा जबडाही हलवावा लागतो, तेव्हा किती तास, किती जबडे ते विचार. वाढ पूर्ण थांबल्याशिवाय हे करत नाहीत. मुलांचा खालचा जबडा अठरा-वीसपर्यंत वाढू शकतो, म्हणून काही महिन्यांच्या अंतराने एक्स-रे काढून ताडून बघतात. घाईने केलं आणि जबडा नंतर वाढला तर सगळं पुन्हा करावं लागेल.

तारांच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षात चेहरा आणखी वाईट दिसेल, हे तुला कुणी सांगितलंय का? दात जबड्याशी जुळवून घेत तिरके झालेले असतात, ते आधी सरळ करावे लागतात, त्यामुळे फरक जास्तच उघडा पडतो. बरीच मुलं तिथे धीर सोडतात. तू सोडू नकोस.

ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे मोठी सूज, वर-खाली रबरबँड, आणि साधारण सहा आठवडे पातळ नाहीतर अगदी मऊ खाणं. वजन उतरतं. खालचा ओठ सुरुवातीला जवळजवळ प्रत्येकाचा बधिर असतो. बहुतेकांची जाणीव काही महिन्यांत परत येते, काहींना थोडा बधिरपणा कायम राहतो. बार्शीच्या ताईंना मी शंभरात एकाहून कमी म्हटलं ते दाढेचं, जबडा सरकवताना हा धोका त्याहून बराच मोठा असतो. तो तुला पत्करायचा आहे का, हे तूच ठरवायचं. ज्यांनी हे करून घेतलंय अशा एखाद्याशी तुमची भेट घालून द्यायला डॉक्टरांना सांग, आणि आई-वडिलांनाही बरोबर ने.

भावाचा मोटारसायकलवरून पडून जबडा मोडला. वरचे-खालचे दात तारेने बांधून घरी सोडलंय. काय खायला द्यायचं? उलटी झाली तर? – एक बहीण, कराड

उलटीचं आधी. घरी सोडताना वायर कापायची पक्कड दिली नसेल तर आजच हार्डवेअरच्या दुकानातून घ्या, उकळत्या पाण्यातून काढा आणि दोरीने बांधून त्याच्या उशाशी ठेवा. कोणत्या तारा कापायच्या ते दवाखान्यात जाऊन बोट ठेवून दाखवायला सांगा. वरच्या आणि खालच्या दातांना जोडणाऱ्या उभ्या तेवढ्याच कापायच्या असतात. मळमळलं तर त्याला बसवून पुढे वाकवा, बोटाने गाल बाहेर ओढा. पोटात पातळच असल्यामुळे ते दातांच्या फटीतून आणि दाढांच्या मागून बाहेर येतं, बहुतेक वेळा तारा कापाव्या लागतच नाहीत. श्वास अडला तरच कापायच्या. दारू अजिबात नको.

खाण्यात पातळ चालतं, पण पाणचट चालत नाही. हाड जुळायला प्रथिनं लागतात. मुगाचं वरण मिक्सरमधून काढून गाळून त्यात तूप, नाचणीची आंबील, दुधात सातूचं पीठ, दह्याची लस्सी, घरात चालत असेल तर कोंबडीचा किंवा पायाचा रस्सा, दुधात फेटलेलं उकडलेलं अंडं. मोठ्या सिरिंजला मऊ नळी लावून गालाच्या आतून मागे सोडा. एका वेळी थोडं, दिवसातून सात-आठ वेळा. दर आठवड्याला वजन करा, झपाट्याने उतरत असेल तर कळवा. गोळ्या कुटून देण्याआधी विचारा. काही गोळ्या कुटायच्या नसतात, त्यांचं पातळ औषध मिळतं.

दात घासणं बंद करू नका. लहान मुलाच्या मऊ ब्रशने दातांची बाहेरची बाजू, प्रत्येक खाण्यानंतर मिठाच्या पाण्याची चूळ. तारेचं टोक गालाला टोचत असेल तर त्यावर मेण लावतात, ते दवाखान्यात मिळेल. तंबाखू, विडी या काळात नकोच. तिच्यामुळे हाड उशिरा जुळतं आणि जखमेत पू होतो.

तारा साधारण चार ते सहा आठवड्यांनी सोडतात. त्या दिवशी तोंड जेमतेम एक बोट उघडेल आणि तो घाबरेल, ते स्नायू आखडल्यामुळे असतं. व्यायाम त्याच दिवशी डॉक्टरांकडून शिकून घ्या. आणि तो पुन्हा गाडीवर बसेल तेव्हा हनुवटी झाकणारं, पूर्ण तोंडाचं हेल्मेट घ्या. टोपीसारखं अर्धं हेल्मेट डोकं वाचवतं, जबडा उघडाच राहतो.